आमची वाटचाल: डाव्या हाताला पहिल्या पानापासून काम

पियानो नुकताच शिकू लागलेल्यांसाठी एकेका पानाच्या रचना करायच्या, त्या स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत छापायच्या आणि सोबत मराठीत सूचना द्यायच्या, एवढंच आमचं काम. सुरुवात पुण्यातल्या शिक्षकांना सुटी पानं देण्यापासून झाली. आज तीन पुस्तकं आहेत आणि परदेशातली मराठी कुटुंबं तीच पीडीएफ स्वरूपात घेतात.

आमच्याकडे पियानोला येणारी बरीच मुलं आधी पेटी शिकलेली असतात. पेटीवर डावा हात भात्याला असतो, त्यामुळे उजव्या हाताची बोटं तयार आणि डाव्याची अगदी कोरी. शिवाय पेटीचा सूर भाता चालू असेपर्यंत टिकतो आणि जोर भात्यातून येतो. पियानोचा सूर पट्टी दाबताक्षणी विरायला लागतो आणि तो लहान-मोठा करणं पूर्णपणे बोटाच्या हातात असतं. बाहेरून येणाऱ्या पुस्तकांमध्ये या फरकाचा विचार असण्याचं कारणच नाही. म्हणून डाव्या हाताला पहिल्या पानापासून काम द्यायचं, हे आम्ही ठरवून टाकलं.

पहिल्या रचना फक्त काळ्या पट्ट्यांवर आहेत. काळी तीनचा, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीचा सा धरला की पाच काळ्या पट्ट्यांवर सा रे ग प ध, म्हणजे भूप रागाचे स्वर मिळतात. त्याच पट्ट्यांवर काळी एकचा सा केला की सा रे म प ध, म्हणजे दुर्गा राग. पेटीवाल्या मुलाला ‘काळी तीन’ म्हटलं की जागा लगेच सापडते, आणि चुकीचा स्वर लागायला वावच नसतो, त्यामुळे सगळं लक्ष बोटांवर राहतं. डावा हात करंगळी आणि अंगठ्याने सा-प धरतो. इथे दोन अडचणी हमखास येतात. करंगळीचा सूर अंगठ्यापेक्षा दबका आणि किंचित उशिरा येतो, आणि पट्ट्या धरून ठेवताना मनगट ताठ होतं. यासाठी आधी सा दोन मात्रा, मग प दोन मात्रा असं वेगवेगळं वाजवून घ्यावं, आणि मगच जोडून. चार मात्रांचा सा-प मिनिटाला ५० मात्रांच्या लयीत जवळजवळ पाच सेकंद धरावा लागतो. साध्या कीबोर्डवर तो तिसऱ्या मात्रेलाच विरलेला असतो, म्हणून आम्ही तो दर दोन मात्रांनी पुन्हा वाजवायला लावतो.

पांढऱ्या पट्ट्यांवर आल्यावर दोन्ही हात एकत्र कसे आणायचे, हा खरा प्रश्न. हंगेरियन संगीतकार बार्टोकने ‘मिक्रोकोस्मोस’ या पियानो शिकणाऱ्यांसाठीच्या संग्रहात पहिल्या सहा रचनांत दोन्ही हातांना एकच चाल दिली आहे. वाचायला ते सोपं, पण बोटांना अवघड, कारण एकाच स्वरावर उजव्या हाताचा अंगठा येतो तेव्हा डाव्याची करंगळी येते. उलट दिशेने जाणाऱ्या हातांत दोन्हीकडे तीच बोटं एकाच वेळी पडतात. म्हणून आमच्या पुस्तकात आधी दोन्ही अंगठे मिडल सीच्या, म्हणजे पियानोच्या मधोमधच्या सी या पांढऱ्या पट्टीच्या आसपास ठेवून बाहेर जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या रचना आहेत, समांतर चाल नंतर.

प्रत्येक रचना ८ किंवा १६ बारची (बार म्हणजे उभ्या रेघांमधला ठरावीक मात्रांचा भाग). मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत चार मात्रांचे ८ बार ३२ सेकंदांत संपतात, त्यामुळे एका बैठकीत चार-पाच वेळा वाजवूनही मूल कंटाळत नाही. एका रचनेत नवीन गोष्ट एकच: नवा स्वर, नवी लय किंवा हाताची नवी जागा. दोन नव्या गोष्टी एकत्र आल्या की कुठे अडलंय ते शिक्षकालाही कळत नाही.

कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा ते सांगणारे बोटांचे आकडे आम्ही मुद्दाम कमी छापतो, सुरांच्या वाक्याच्या सुरुवातीला आणि हात सरकतो तिथेच. प्रत्येक स्वरावर आकडा असला की मूल स्वर वाचत नाही, आकडे वाचतं, आणि हाताची जागा बदलली की सगळं कोसळतं. पालक जास्त आकडे मागतात. तरीही आम्ही यावर ठाम आहोत.

छपाईतही बरंच शिकण्यासारखं होतं. पाच रेघांची उंची आम्ही ८ मिमी ठेवतो, एका ओळीत चारच बार. कागद १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम) जाडीचा मॅपलिथो, म्हणजे न चकाकणारा साधा छपाईचा कागद. ७० जीएसएमवर मागची छपाई दिसते, आणि आर्ट पेपर दिव्याखाली चकाकतो व पेन्सिलही नीट धरत नाही. बांधणी सेंटर पिनची, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेली, कारण परफेक्ट बाइंडिंगचं, म्हणजे कडेला गोंदाने चिकटवलेलं पुस्तक स्टँडवर आपोआप मिटतं. पिन बांधणीला पानं चारच्या पटीत लागतात, म्हणून पुस्तक ३२ पानांचं.

दुसऱ्या पुस्तकापासून जुन्या युरोपीय रचना घेतल्या. बाखच्या नावावर वर्षानुवर्षं वाजवला जाणारा जी मेजरमधला मिन्युएट (तीन मात्रांच्या नृत्याची रचना) मुळात पेट्झोल्ड या संगीतकाराचा. तो बाखची पत्नी आना माग्डालेना हिच्या १७२५च्या वहीत आहे. ३२ बारचा हा मिन्युएट फार लवकर दिला जातो. पहिल्याच बारमध्ये डाव्या हाताला तीन स्वर एकत्र धरायचे असतात, त्यामुळे सा-प पक्का झाल्याशिवाय तो देऊ नये. शूमानच्या १८४८च्या ‘अल्बम फॉर द यंग’मधल्या ४३ रचनांपैकी पहिली, ‘मेलडी’, आम्हाला फार प्रिय आहे. तिच्यात डावा हात सतत चालत राहतो, पण उजव्याच्या चालीपेक्षा तो हलका ठेवावा लागतो.

भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात. बार्टोक १९४५ मध्ये गेला, त्याच्या रचना इथे २००६ पासून मोकळ्या आहेत. रशियन संगीतकार काबालेव्स्की १९८७ मध्ये गेला, त्यामुळे त्याच्या गोड रचना २०४७ अखेरपर्यंत छापता येणार नाहीत. अमेरिकेत जुन्या कृतींचा हिशोब प्रकाशनाच्या वर्षावरून होतो आणि ‘मिक्रोकोस्मोस’वर तिथे अजून हक्क आहेत, म्हणून तिकडच्या पीडीएफमध्ये बार्टोक नाही.

तिन्ही पुस्तकं ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर वाजतात. तो पलंगावर किंवा टीपॉयवर मात्र ठेवू नये. पट्ट्या जमिनीपासून ७१ ते ७४ सेंमीवर आणि कोपर त्यांच्या पातळीला असावं, नाहीतर मनगट मुडपतं आणि करंगळीत जोर येतच नाही.

चौथ्या पुस्तकाची कच्ची पानं सध्या शिक्षकांकडे आहेत. त्यात दादरा तालाच्या सहा मात्रांतून सिक्स-एट या पाश्चात्त्य सहा मात्रांच्या ठेक्याकडे जाणाऱ्या रचना आहेत. डावा हात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर सा आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे तालातल्या ‘खाली’वर प वाजवतो, आणि उजवा हात मधल्या मात्रा भरतो.