10 किलो ज्वारीचा हिशेब

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी घरघंटीत नाचणी दळत होते. आवाजात अर्धं ऐकू आलंच नाही. "अमृतमहोत्सव" आणि "दोन पानं" एवढंच कळलं. घंटी बंद केली, पीठ सवयीनं चिमटीत घेऊन गालाला लावलं, आणि काय लिहायचं ते तिथेच ठरलं. बाकीचे वर्गमित्र स्नेहसंमेलनांवर, कबड्डीच्या ढालीवर लिहितीलच. मला लिहायचंय ते 1984 सालच्या, नववीतल्या एका संध्याकाळवर. ती संध्याकाळ शाळेत गेली नाही, आमच्या गिरणीत गेली.

बार्शीत भगवंताच्या देवळाकडून बाजाराकडे जाणाऱ्या एका बोळात आमची पिठाची गिरणी होती. 10 अश्वशक्तीची मोटर, तिच्यापासून दगडाच्या चक्कीपर्यंत गेलेला लांब पट्टा, आणि चक्कीवर पत्र्याचं हॉपर. अण्णा, म्हणजे माझे वडील, डबा उचलून त्यात ओतायचे. शाळा सुटली की मी गल्ल्यावर. दप्तर, केस, पापण्या सगळं पांढरं. वर्गात मला "भुताची मावशी" म्हणायचे. म्हणणाऱ्यांपैकी निदान तिघे हा अंक वाचणार आहेत, तेव्हा नोंद असावी.

त्या वर्षी शास्त्रात बल, घर्षण, कार्य आणि ऊर्जा असे धडे लागोपाठ होते. आमचे सर ओळन् ओळ फळ्यावर लिहायचे आणि आम्ही ती उतरवून घ्यायचो. "घर्षणबल नेहमी गतीच्या विरुद्ध दिशेने असते." मी उतरवलं, खाली लाल रेघही मारली. मग घरी आले आणि चालू पट्ट्याकडे बघत बसले. मोटरची पुली पट्ट्याला ओढते, पट्टा चक्कीच्या पुलीला ओढतो. मध्ये ना दात, ना साखळी, ना खिळा. पट्टा पुलीला नुसता चिकटून असतो, आणि त्या चिकटण्यालाच घर्षण म्हणतात. मग ते गतीच्या विरुद्ध असेल तर चक्की उलटी फिरायला हवी, नाहीतर थांबायला तरी. ती तर फिरत होती!

दुसऱ्या दिवशी मी हात वर केला. सरांनी ऐकून घेतलं. "पट्टा म्हणजे..." असं म्हणून ते थांबले, खडू हातात फिरवत राहिले, आणि म्हणाले, "उद्या सांगतो." शिक्षकाच्या तोंडून "उद्या सांगतो" मी तोवर ऐकलं नव्हतं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलंही.

पण ते खरंच उद्या आले. आल्या आल्या फळ्यावरचं आधीचं वाक्य पुन्हा लिहिलं आणि त्यातला "गतीच्या" शब्द खोडला. तिथे लिहिलं, "घसरण्याच्या". घर्षण घसरण्याला विरोध करतं, पुढे जाण्याला करतंच असं नाही. चालताना पाऊल जमिनीला मागे ढकलतं. ते मागे घसरू नये म्हणून जमीन त्याला पुढे रेटते, आणि म्हणून आपण पुढे जातो. ओल्या शेवाळावर ते रेटणं मिळत नाही, म्हणून पडतो. मोटरची पुली पट्ट्याखालून निसटू पाहते, घर्षण तिला निसटू देत नाही, आणि त्या ओढाताणीत पट्टा पुढे जातो. एका शब्दाची दुरुस्ती. पुढे बँकेत 31 वर्षं नोकरी केली. चूक झाली की आधी खुलासा आणि मग दुरुस्ती, असाच रिवाज तिथे पाहिला. आधी दुरुस्ती करणारा माणूस मी तो एकच पाहिला.

त्यानंतर कार्याचा धडा. बल गुणिले बलाच्या दिशेतलं विस्थापन. उदाहरण नेहमीचंच: डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्यानं चालणारा हमाल गुरुत्वबलाविरुद्ध शून्य कार्य करतो, आणि ओझं धरून नुसता उभा असेल तरीही शून्यच. मी ते घरी अण्णांना सांगितलं. हॉपर रिकामं व्हायची वाट बघत ते हातात डबा धरून उभे होते.

"म्हणजे आत्ता मी काही करत नाही?"

"पुस्तकाप्रमाणे नाही."

"बरं. मग दळणाचे पैसे कमी घेऊ का? विचार तुझ्या सरांना. आणि पाठ कशानं दुखते तेही विचार."

मी विचारलं. सर म्हणाले, डब्यावर कार्य होत नाही हे खरं, पण स्नायू म्हणजे काही टेबलाचा पाय नव्हे. टेबल डबा वर्षभर धरील, त्याला भाकरी लागत नाही. स्नायू ताणून धरायचे तर त्यातले तंतू सारखे आखडत राहतात, त्याला अन्नातली ऊर्जा लागते, आणि ती सगळी अंगातच उष्णता होऊन जाते. म्हणून घाम. "वडिलांना सांग, त्यांचं काम खरं आहे. आमचा 'कार्य' हा शब्द तोकडा आहे." हा निरोप मी शब्दशः पोचवला. अण्णांनी मान डोलावली आणि पुढचा डबा उचलला.

बहुधा त्या निरोपानंतरच सरांना गिरणी बघाविशी वाटली असेल. एका शनिवारी संध्याकाळी ते सायकलवरून आले. कॅरिअरला 10 किलो ज्वारीचा डबा, आणि शर्टाच्या खिशात प्रयोगशाळेतला थर्मामीटर, 110 अंशांपर्यंतचा, कापसात गुंडाळलेला. अण्णांची तारांबळ उडाली. "बसा की सर," म्हणून त्यांनी पोतं झटकलं आणि सरांना आणखी पांढरं केलं.

सरांनी आधी ज्वारीत थर्मामीटर खुपसला: 31. मग मीटरच्या फिरत्या चकतीसमोर मला उभं केलं. एका युनिटला चकतीचे किती फेरे, ते मीटरवरच छापलेलं असतं. मी फेरे मोजायचे, ते घड्याळ बघणार. दळण 4 मिनिटांत झालं. पीठ डब्यात पडल्या पडल्या त्यांनी थर्मामीटर रोवला: 61. मीटरवर जवळपास अर्धं युनिट गेलं होतं.

मग पोत्यावर बसून, दळणाच्या पावतीमागे, त्यांनी जो हिशेब मांडला तो मी आजही तोंडपाठ म्हणू शकते. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, म्हणून अर्ध्याचे 18 लाख. अण्णांनी डबा जमिनीपासून हॉपरपर्यंत, म्हणजे दीड मीटर उचलला: 10 गुणिले 9.8 गुणिले 1.5, झाले 147 ज्यूल. मी दोनदा तपासलं. एकीकडे 18 लाख, एकीकडे 147. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, तेव्हा आमची मोटर सेकंदाला 7460 ज्यूल देणार. अण्णा दिवसाला 60 डबे उचलायचे, त्या सगळ्यांचं कार्य मोटर सव्वा सेकंदात उरकेल. मला ते ऐकून जरा रडूच आलं. अण्णा मात्र म्हणाले, "म्हणून तर मोटर घेतली."

आता प्रश्न, 18 लाख गेले कुठे? दाणा फोडण्यात, असं मी म्हटलं. सर म्हणाले, त्यात अगदी थोडे. बाकीचं हाताला लागतंय बघ. पिठाला तापायला किती उष्णता लागते ते पुस्तकात नव्हतं. सरांनी अंदाजानं पाण्याच्या 40 टक्के धरलं. 10 किलो पीठ 30 अंशांनी तापलं, म्हणजे साधारण 5 लाख ज्यूल पिठातच. दगड तापला, पट्टा तापला, मोटर तापली, खोलीतली हवा तापली. तरीही काही उरत होतं. मग सरांनी पीठ तोललं. 10 किलोला शंभरेक ग्रॅम कमी.

इथे अण्णा एकदम पुढे सरकले. हे शंभर ग्रॅम म्हणजे त्यांच्या आयुष्यातलं दुखणं. प्रत्येक गिऱ्हाईक आठवड्याला एकदा तरी सुनावायचं, "काय ओ, पीठ मारता का?" थोडं पीठ उडतं, थोडं दगडात राहतं, हे ते सांगायचे, कुणाला पटायचं नाही. सर म्हणाले, दाण्यात पाणी असतं. दळताना तापून त्यातलं काही वाफ होऊन जातं. ती वाफच असेल तर एक ग्रॅम पाण्याला 540 कॅलरी, शंभर ग्रॅमला 54 हजार, म्हणजे सव्वादोन लाख ज्यूल. "तुमच्यावर चोरीचा आळ येतो ना, ती चोरी बरीचशी वाफ करते." अण्णांनी ती पावती मागून घेतली. पुढे कितीतरी दिवस ती गल्ल्याशेजारी खिळ्याला टोचलेली होती आणि कटकट करणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवली जायची. एकालाही ती वाचता आली नसावी, पण आकडे बघून माणसं गप्प व्हायची.

त्याच बैठकीत सरांनी रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. म्युनिकला तोफांच्या नळ्या कोरताना धातू किती तापतो हे त्यानं पाहिलं, आणि मुद्दाम बोथट टोचा लावून, घोड्यांकरवी फिरवून, नळीभोवती पाणी ठेवलं. अडीच तासांनी ते उकळलं, जाळ कुठेच नव्हता. 1798 मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं. उष्णता हा वस्तूत साठलेला एखादा द्रव असेल तर तो कधीतरी संपायला हवा. घासत राहिलं तोवर ती संपेचना.

"बोथट लावला?" अण्णांनी विचारलं. "हो." "मग तापणारच. आमचा दगड गुळगुळीत झाला की पीठ जळतं. विरी जाते, भाकरी थापताना चिरते, बायका डबा परत आणून आदळतात. मग टाकी लावायची." त्यांनी छिन्नीनं पाडलेल्या दगडाच्या चरी सरांना दाखवल्या. धारदार चर दाणा कापते. बोथट झाला की दगड दाणा नुसता रगडत बसतो आणि वीज पिठातच मुरते. सर बराच वेळ त्या चरींवरून बोट फिरवत राहिले. दोनशे वर्षांपूर्वीचा तो प्रयोग अण्णा महिन्यातून दोनदा करत होते, फक्त पाणी ठेवत नव्हते.

एका ठिकाणी मात्र अण्णांनी सरांना अडवलं. घर्षण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे वर्गात विटेच्या प्रयोगानं आम्ही पाहिलं होतं. वीट आडवी ओढा की कडेवर उभी करून, ताणकाटा तेच दाखवतो. दाब वाढवला की मात्र घर्षण वाढतं. पावसाळ्यात पट्टा सैल पडून सुटायला लागला की अण्णा मोटर मागे ओढून तो ताणायचे, नाहीतर राळ लावायचे, त्याचं कारण हेच. एकदा सुटायला लागला की तो लवकर पकडही घेत नाही, कारण सरकत्या घर्षणाची पकड स्थिर घर्षणापेक्षा कमी. हे सगळं त्यांना मान्य. "पण रुंदीला अर्थ नाही म्हणता, मग मी रुंद पट्ट्याला दुप्पट पैसे का मोजतो?" सरांनी डोकं खाजवलं, आणि यावेळी उद्यावर ढकललं नाही. रुंद पट्टा जास्त चिकटतो म्हणून नाही, तो न तुटता जास्त ताण सोसतो म्हणून. ताण जास्त म्हणजे पुलीवर दाब जास्त, आणि दाब जास्त म्हणजे घर्षण जास्त. अण्णा म्हणाले, "म्हणजे पैसे वाया नाहीत." त्यांचं समाधान झालं.

मला नववीत शास्त्रात 62 गुण मिळाले. काही चमत्कार झाला नाही. मी अकरावीला वाणिज्य शाखा घेतली. घरात तेवढंच परवडत होतं आणि, खरं सांगायचं तर, मला गणितं सोडवायचा कंटाळाच होता. पण घाटात गाडी उतरताना ब्रेकचा जळका वास आला की कुठली उंची कशात गेली हे मला न विचारता कळतं, आणि शेजारी बसलेल्याला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरचे याला कंटाळलेत.

गिरणी 2003 साली बंद झाली. दगड आता भावाच्या अंगणात पालथा पडलाय, त्यावर तुळस आहे. अण्णा गेले. सरही गेल्याचं बऱ्याच उशिरा कळलं.

एक गोष्ट राहिली. त्या संध्याकाळी सर थर्मामीटर आमच्याकडेच विसरले. सोमवारी मी परत द्यायला निघाले तर अण्णा म्हणाले, "राहू दे दोन दिवस," आणि दगडाला टाकी कधी लावायची ते ठरवायला पिठात खुपसून बघू लागले. दोन दिवसांची वर्षं झाली. सरांनी कधी मागितला नाही. डेडस्टॉक रजिस्टरात त्यांनी काय लिहिलं असेल देव जाणे, बहुधा "फुटला". तो फुटलेला नाही. माझ्याकडे आहे, कापसात. सोहळ्याला येताना आणते म्हणून मी प्रयोगशाळेत फोन केला होता, तर तिथल्या तरुण मॅडम म्हणाल्या, "ताई, पाऱ्याचे आम्ही आता ठेवत नाही." तेव्हा कुणाला हवा असेल तर सांगावं. 61 पर्यंत तरी तो बरोबर दाखवतो, मागच्या आठवड्यात नाचणीवर पाहिलंय.