आमची वाटचाल: आधी टॉमी, मग मशीन

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या भाड्याच्या गाळ्यात 1996 साली आम्ही काम सुरू केलं, तेव्हा दारात फियाट, जीप, ट्रॅक्स आणि मारुती 800 असायच्या. सुमो नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. इंजिनाला हात लावायचा नाही, काम फक्त स्टेअरिंग आणि सस्पेन्शनचं, हे आधीच ठरलेलं. लोक हसले. इंजिन मिस्त्रीला मान, डेंटरला पैसा, गाडीखाली ग्रीसमध्ये लोळणाऱ्याला काय? पण गगनबावड्याचा घाट, आंबा घाट आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते, एवढं भांडवल आमच्या जिल्ह्यात फुकट मिळतं.

सुरुवातीचे भागीदार म्हणजे वस्ताद. अख्खं उद्यमनगर त्यांना ओळखतं, पण नाव छापलेलं त्यांना चालणार नाही. शेजारच्या गाळ्यात त्यांचं लेथ. जीपच्या किंगपिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं तिचे, बुश (आतली नळी) ते टर्न करून द्यायचे, मी दाबून बसवायचो आणि भोक मापात आणायला रीमर मारायचो. पिन अंगठ्याच्या जोरावर आत गेली पाहिजे, हातोडी उचललेली दिसली की लेथ बंद करून ओरडायचे, "ठोकू नगंस, मापात नाही ते!" माझी टॉमी, म्हणजे फटीत घालून रेटायची पहार, त्यांनीच करून दिली. भंगारातल्या ॲम्बॅसिडरचा टॉर्शन बार, एक टोक तापवून चपटं केलेलं, किंचित वाकवलेलं, दुसऱ्या टोकाला हाताच्या घामाने आलेली चकाकी. बाजारातल्या टॉम्या वाकतात, ही वाकत नाही. लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) आणि फ्रेमच्या मध्ये तिचं टोक सारून हलकं दाबलं की आर्मचा कुठला रबरी बुश गेलाय आणि चाकाकडचा कुठला बॉल जॉइंट (गोळीचा सांधा) ढिला आहे ते मनगटाला कळतं. ती आम्ही कुणाला उसनी देत नाही.

मधली वर्षं चांगली गेली. घर झालं, मुलांची शिक्षणं झाली.

2011 च्या दिवाळीत रस्त्यापलीकडे मशीनवर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून देणारं काचेचं दुकान आलं. गिऱ्हाइकाला बसायला एसी, चहा, टीव्ही. चारही चाकांना टार्गेट लावायची, समोरून कॅमेरे बघणार, पडद्यावर लाल आकडे हिरवे होणार आणि रंगीत प्रिंट हातात. मशीनबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. मशीन खोटं बोलत नाही. तक्रार ही की, गाडी वर चढवायच्या आधी खाली वाकून बघणारं तिथं कुणी नव्हतं. टाय रॉड एंडमध्ये (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) प्ले म्हणजे ढिलाई, लोअर आर्मचा बुश फाटलेला, आणि अशा गाडीचा टो (चाकं समोरून किती आत-बाहेर वळलीत ते माप) सेट करायचा म्हणजे डुगडुगत्या पाटावर बसून दाढी केल्यासारखं. महिन्याभरात टायर पुन्हा खायला सुरुवात. मग गिऱ्हाइकाला सांगायचं, रस्तेच खराब हो, परत एकदा करून घ्या.

वर बोलणं असं की, समोरचे म्हातारे अजून दोरी लावून अलाइनमेंट करतात. लावत होतो की दोरी! नीट ताणलेल्या दोरीने टो मिलिमीटरपर्यंत कळतो. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल, कळत नाही, हे मान्य. पण दोरी लावायच्या आधी आम्ही चाक हलवून बघत होतो, हे कोण सांगणार? माझ्याकडे पाना धरायला शिकलेला पोरगाही जादा पगारावर तिकडे गेला. वाईट त्याचं वाटलं नाही, पोराला संसार आहे. जुनी गिऱ्हाइकं नजर चुकवून पलीकडे वळायची, ते लागलं. पार्टवाल्याने उधारी बंद केली, पतसंस्थेचे हप्ते थकले, आणि गाळा सोडतो म्हणून मालकाला तोंडी सांगूनही झालं.

तेवढ्यात गारगोटीचे डॉक्टर आले. सुमोपासूनचं गिऱ्हाईक, आता स्विफ्ट. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची, पुढचे टायर आतल्या कडेने तारेपर्यंत घासलेले. पलीकडे अलाइनमेंट झालेलं, प्रिंट पुढ्यात ठेवला, सगळे आकडे हिरवे.

"मिस्त्री, रिपोर्ट तर नॉर्मल आहे की!"

"डॉक्टर, हा रिपोर्ट गाडी उभी असतानाचा आहे."

गाडी घोडीवर घेतली, टॉमी लावली, आर्म बोटभर मागे सरकला. बॅटरी त्यांच्याच हातात दिली. मागच्या बुशचं रबर आतल्या नळीपासून सुटलेलं, फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता. उभ्या गाडीत आर्म जागेवर बसतो. ब्रेक मारला की चाक मागे रेटलं जातं, आर्म सरकतो, टो बदलतो आणि गाडी ओढते. बुश जुना म्हणावा तर तसंही नव्हतं, काही महिन्यांपूर्वीच दुसरीकडे बदललेला. ज्याने बदलला त्याने गाडी वर लटकलेली असतानाच बोल्ट आवळले होते. तसं केलं की गाडी जमिनीवर येताच रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं, मग ते फाटणारच. आम्ही बोल्ट नुसते अडकवले, गाडी खड्ड्यावर चार चाकांवर उभी केली, बॉनेट दाबून दोन-तीनदा खालीवर केली आणि मग टॉर्क पान्याने आवळले.

डॉक्टरांनी काही भाषण केलं नाही. पुढच्या आठवड्यात भावाची गाडी पाठवली, मग त्यांच्या कंपाउंडरची, मग गारगोटीच्या एका शाळेतल्या निम्म्या मास्तरांच्या गाड्या आल्या. गाळा राहिला. काचेचं दुकान पुढे बंद पडलं. त्याचं कारण आम्ही, असं मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

2019 च्या महापुरानंतर बुडालेल्या गाड्यांची रांग लागली होती, बेअरिंगमध्ये गाळ, पॉवर स्टेअरिंगच्या मोटरी गेलेल्या. त्यावर सगळ्यांनीच लिहिलंय.

आता आमच्याकडेही अलाइनमेंटचं थ्रीडी मशीन आहे, थोरल्याने घेतलं. पण टॉमीने तपासल्याशिवाय त्यावर गाडी चढत नाही. गिऱ्हाइकांनीही थोडं शिकावं. छोट्या खड्ड्यात, हळू चालवताना पुढून टकटक आली तर आधी स्टॅबिलायझर लिंक बघायला सांगा, थेट शॉकॲब्सॉर्बर बदलू देऊ नका. ऐंशी-नव्वदला स्टेअरिंग थरथरतं आणि पुढे थांबतं, तर बहुतेक बॅलन्सिंग. फक्त ब्रेक मारल्यावर थरथरत असेल तर डिस्क बघा. फुल लॉकवर वळताना कटकट येत असेल तर तो एक्सलचा जॉइंट, त्याचं खापर सस्पेन्शनवर फोडू नका. चाक वर-खाली धरून हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. आडवं धरून हललं तर टाय रॉड एंड नाहीतर रॅक एंड. बॉल जॉइंट संशयित असेल तर "गाडी घेऊन जातो, रविवारी टाकतो" म्हणू नका, तो निसटला की चाक कुठे जाईल ते सांगता येत नाही, आणि घाटात तर नाहीच. आणि डाव्या-उजव्या टायरची अदलाबदल केल्यावर ओढायची बाजू बदलली, तर दोष टायरचा. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

अलाइनमेंटला येताना डिकीतली गुळाची ढेप, तांदळाचं पोतं घरी उतरवून या. हवा आम्ही तपासू.