मेसचे तीन महिने

बँकेतून निवृत्त झालो आणि सांगलीतल्या एका छोट्या ट्रस्टचं खजिनदारपद गळ्यात पडलं. मूळ ठेवीला हात लावायचा नाही, फक्त व्याजातून गरजू विद्यार्थ्यांना मदत करायची. त्यामुळे एफडीचा दर अर्धा टक्का घसरला की दोन-तीन मुलं कमी होतात. निम्म्या अर्जांना जोडलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चलाच संपलेली असते. मग सेतूत हेलपाटे.

यंदा जतकडच्या एका मुलीने ‘मदत कशासाठी’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘मेसचे तीन महिने’. बाजूला पेन्सिलीने गुणाकार. खोडलेला, परत केलेला. उत्तर ७,५००.

आमचा नियम म्हणजे चेक कॉलेजच्याच नावाने. फीचं बरंचसं महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीतून भागतं, उशिरा का होईना. पण जेवणाचं काय? अध्यक्षकाका म्हणाले, “आज मेस, उद्या मोबाईल मागतील.” (स्वतःच्या नातवाला मात्र घरून डबा पाठवतात, ते असो.) मी ट्रस्टची घटना काढून वाचून दाखवली. तिथे ‘शिक्षणासाठी साहाय्य’ एवढंच आहे, फी हा शब्दच नाही.

चेक मेसवाल्या मावशींच्या नावाने निघाला. त्यांनी पावती वहीच्या फाडलेल्या पानावर दिली. ऑडिटर म्हणतो, पाच हजारांच्या वर आहे, रेव्हेन्यू स्टॅम्प हवाच. म्हणून एक रुपयाचं तिकीट घेऊन उद्या परत मावशींकडे.