आधी भिंतीवरचं बटण चाललं पाहिजे

आई-बाबांच्या घरी स्मार्ट बल्ब लावून मुलं आपापल्या गावी परततात आणि आठवड्याभरात फोन येतो, "अरे, तो बल्ब बिघडला." बहुतेक वेळा बल्बला काही झालेलं नसतं. झोपताना बाबांनी भिंतीवरचं बटण बंद केलेलं असतं, गेली चाळीस वर्षं करत आले तसंच. बल्बचा पुरवठाच बंद झाल्यावर तो मोबाइलवरून लागणार कसा? मग कुणीतरी बटणावर चिकटपट्टी लावतं, "हात लावू नये" असं लिहितं. स्वतःच्या घरात दिव्याच्या बटणाला हात लावायची चोरी का असावी?

बल्ब साधाच राहू द्या आणि स्विचबोर्डच्या आत, बटणामागे बसणारं स्मार्ट मॉड्यूल घ्या. काडेपेटीएवढी डबी असते. दिवा बटणानेही लागतो, बोलूनही लागतो, आणि इंटरनेट बंद पडलं तरी बटण आपलं काम करतं. या मॉड्यूलला बहुधा न्यूट्रल वायर, म्हणजे वीज परत जाण्याची तार, लागते. बोर्डावर प्लगचं सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथे आलेली असते. नुसती बटणंच असलेल्या जुन्या बोर्डात ती नसू शकते, म्हणून मॉड्यूल मागवण्याआधी वायरमनकडून बोर्ड उघडून बघून घ्या.

स्मार्ट बल्ब आधीच लावलेले असतील तर एक सेटिंग हमखास राहून जातं. लाईट जाऊन परत आली की बरेच स्मार्ट बल्ब आपोआप पूर्ण उजेडात लागतात. पहाटे तीनला बेडरूम लख्ख उजळली की म्हातारं माणूस दचकून उठतं. अॅपमध्ये 'वीज परत आल्यावर' असं सेटिंग असतं, ते 'आधीच्या स्थितीत' किंवा 'बंद' ठेवा.

रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत जाताना पडण्याची भीती असते. त्यासाठी वाय-फाय नको, अॅप नको. हालचालीने लागणारा छोटा पिवळसर दिवा पॅसेजमध्ये गुडघ्याच्या उंचीवर लावा. हा सेन्सर समोरून येणाऱ्या माणसापेक्षा आडवं जाणारं माणूस लवकर ओळखतो, म्हणून तो बाजूच्या भिंतीवर हवा. पलंगाकडे तोंड करून लावलात तर कूस बदलली तरी लागेल. माझ्या मते घरात पहिली खरेदी हीच असावी.

गिझरचं मात्र जपून. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर करंट घेतो. मोबाइलवरून चालू-बंद होणारा स्मार्ट प्लग ६ अँपिअरचा असेल तर तिथे तापतो, काळा पडतो, वितळतो. १६ अँपिअरचाच घ्या, आणि सॉकेट ढिलं असेल तर आधी ते बदला. ढिल्या सॉकेटमध्ये चांगला प्लगही जळतो. २०-२५ मिनिटांनी आपोआप बंद होईल असा टायमर लावला की "गिझर बंद केला का?" हा घोर मिटतो. इस्त्री किंवा खोलीचा हीटर मात्र दुरून चालू करायच्या यादीत मुळीच घेऊ नका.

बोलून चालणाऱ्या स्पीकरची अडचण वेगळी. अलेक्सा हिंदीत बोलते, आणि ज्यांनी आयुष्यभर मराठीतच व्यवहार केला ते मधेच थांबून शब्द शोधतात. तेवढ्यात यंत्राला वाटतं, बोलणं संपलं. म्हणून वाक्य आधी मनात जुळवायचं, मग हाक मारायची: "अलेक्सा, पॅसेज की लाईट बंद करो." उपकरणांना आजी म्हणतात तीच नावं द्या. आठवड्याला एकच आज्ञा शिकवा, आणि शिकवताना मोबाइल त्यांच्याच हातात असू द्या. अलेक्साच्या इको स्पीकरवर लाल उजेड दिसला तर माइकचं बटण चुकून दाबलं गेलंय. पुन्हा दाबलं की झालं.

संकटकाळी या स्पीकरवर भिस्त ठेवू नका. अलेक्सा ११२ ला फोन लावत नाही, आणि लाईट गेली की ती मुकी. मदतीचा फोन मोबाइलवरूनच लागला पाहिजे. पॉवरचं बटण लागोपाठ दाबून ११२ लागायची सोय बऱ्याच मोबाइलमध्ये असते. किती वेळा दाबायचं ते सेटिंगमध्ये बघून त्यांना दाखवा.

दाराला स्मार्ट कुलूप लावणार असाल तर किल्लीनेही उघडणारंच घ्या. वयानुसार बोटं कोरडी पडतात, ठसे पुसट होतात, यंत्र ओळखत नाही. एकच बोट दोन-तीनदा नोंदवा, शिवाय कुलूप उघडणारं कार्डही द्या.

कॅमेरा बसवण्याआधी त्यांना विचारा. बेडरूममध्ये तर नकोच. आणि "तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीतून बोलतोय, हे अॅप टाका" असा फोन आला तर तो ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

राऊटर बदलला तर नव्यालाही जुनंच वाय-फायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातात. ते नाव-पासवर्ड वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

निघण्याआधी एक तालीम करा. राऊटर बंद करा आणि त्यांनाच घरभर फिरू द्या: दिवे बटणाने लागतात का, पंखा फिरतो का. मग मेन स्विच पाडा: दार किल्लीने उघडतं का, मोबाइलवरून तुम्हाला फोन लागतो का. जे अडलं, ते त्याच दिवशी दुरुस्त करा, नाहीतर काढून सोबत घेऊन जा.