रविवारचा पंच

रविवार, रात्र

भाचा 400 मीटर धावतो, ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सराव करतो. त्याची निवड चाचणी पुढच्या रविवारी आहे. आज जेवताना त्याने विचारलं, "मावशी, मी एरिक लिडलसारखं नाही म्हणायला हवं का?"

प्रश्न मनापासून होता. कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या, वर्गात त्याने ती गोष्ट ऐकलीय, पण अर्धीच. 1924 चं पॅरिस ऑलिंपिक, 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, आणि रविवार देवाचा, त्या दिवशी खेळायचं नाही, म्हणून हा स्कॉटिश धावपटू त्यात उतरला नाही आणि मग 400 मीटर 47.6 सेकंदांत धावून त्याने सुवर्णपदक जिंकलं. गोष्ट इथे थांबवली की वाटतं, आज्ञा पाळली म्हणून देवाने बक्षीस दिलं. मला हे मुळीच पटत नाही. त्याच्या मागे राहिलेलेही देवाचीच लेकरं होती.

मी त्याला पुढची गोष्ट सांगितली. पुढच्याच वर्षी, कीर्ती ऐन भरात असताना, लिडल मिशनरी होऊन चीनला गेला. शाळेत शिकवलं, मग खेड्यापाड्यांत काम केलं. युद्ध पेटल्यावर गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवलं. तिसरी मुलगी त्याने कधी पाहिलीच नाही. 1943 मध्ये जपान्यांनी त्याला वेइश्येनच्या छावणीत डांबलं. तिथे तो मुलांना शिकवायचा, म्हाताऱ्यांची कामं करायचा, खेळ घ्यायचा. रविवारी मात्र खेळ नाही. मग एका रविवारी मुलं त्याच्याविना खेळली आणि मारामारी झाली. त्यानंतर तो रविवारीही पंच म्हणून मैदानात उभा राहिला.

मला लिडल इथे भेटतो. स्वतःच्या पदकासाठी जो नियम त्याने मोडला नाही, तो दुसऱ्यांच्या पोरांसाठी बाजूला ठेवला. आपले झिजलेले धावण्याचे बूट त्याने छावणीतल्या एका मुलाला दिले. फेब्रुवारी 1945 मध्ये, सुटका काही महिन्यांवर असताना, मेंदूतल्या गाठीने तो गेला. वय 43.

शर्यतीत शेजारच्या लेनमधला मागे पडल्याशिवाय आपण पुढे जात नाही. त्यात वाईट काही नाही, खेळ तसाच असतो. सेवेत मात्र शेजारच्याच्या चालीने चालावं लागतं. गरजूंना मदत करणाऱ्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीतर्फे आम्ही दोघी कळव्याच्या एका आजींकडे जातो. पॅरालिसिसनंतर त्यांना पलंगापासून मोरीपर्यंत न्यायचं म्हणजे त्यांचं पाऊल पडेपर्यंत थांबायचं, मगच आपलं टाकायचं. हे थांबणं आपोआप येत नाही, अंगात मुरवावं लागतं.

म्हणूनच बायबलमधली पत्रं लिहिणाऱ्या संत पौलाने खेळाडूंना नावं ठेवली नाहीत. ग्रीसमधल्या करिंथजवळ इस्थमियन सामने भरत, विजेत्याला पाइनच्या पानांचा किंवा वाळलेल्या सेलरीचा मुकुट मिळे. करिंथकरांना लिहिताना त्याने म्हटलं, ते नाशवंत मुकुटासाठी एवढा संयम पाळतात, मग आपण किती पाळावा? सराव तोच, घामही तोच.

आणि सेवेलाही पदकाची ओढ लागते. धान्याची पिशवी देताना फोटो, नाक्यावर फ्लेक्स, वर्षाअखेर शाल-श्रीफळ. मला याचा फार त्रास होतो, कारण त्या फोटोत समोरची बाई कायमची घेणारी होऊन बसते. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये, असं येशू म्हणाला ते तिची लाज राखण्यासाठीही असेल.

तलावपाळीजवळचं आमचं चर्च बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचं आहे. लोक आता येशूकडे जातात, अशी तक्रार घेऊन योहानाचे शिष्य आले तेव्हा योहान चिडला नाही. येशूने वाढावं आणि मी कमी होत जावं, एवढंच म्हणाला. वाढीच्या वयातल्या पोराला हे आज पटलंच पाहिजे असं नाही. बाविसाव्या वर्षी लिडललाही जिंकायचंच होतं.

भाच्याला म्हटलं, शनिवारी संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, रविवारचीच धरली जाते. तिला जा, सकाळी ट्रॅकवर उतर आणि जिंकायलाच धाव. बुधवारी कळव्याच्या आजींना दवाखान्यात न्यायचंय, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिथेही तू हवा आहेस, असं सांगून ठेवलंय.