खड्ड्यातले मेंढरू आणि परूशी

पुण्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये प्रवचने ऐकताना परूशी, म्हणजे येशूच्या काळातील एका यहुदी धर्मपंथाचा माणूस, हे पात्र मला बहुधा एकाच वेषात भेटत आले आहे. तो दांभिक असतो, नियमांचा कीस काढणारा असतो, समोरच्या माणसाच्या दुःखाचे त्याला काही वाटत नाही, आणि येशू त्याला दर वेळी निरुत्तर करून पुढे जातो. येशू स्वतः यहूदी होता, त्याचे शिष्य आणि श्रोते यहूदी होते, दोन्ही पक्ष ज्या शास्त्राचा हवाला देत होते तेही एकच होते, हे आपण तोंडाने मान्य करतो; वाचताना मात्र एका बाजूला ख्रिस्ती धर्म आणि दुसऱ्या बाजूला यहुदी धर्म अशी मांडणी करून मोकळे होतो. माझे म्हणणे असे आहे, की शुभवर्तमानांतील, म्हणजे येशूची हकीकत सांगणाऱ्या नव्या करारातील पुस्तकांतील, बरेचसे वाद हे एकाच घरातले वाद आहेत, आणि त्या घराचा इतिहास ठाऊक नसेल तर कोणता टोला कोणाला लागला हेच कळत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायातील प्रसंग घेऊ. सभास्थानात हात वाळलेला एक माणूस आहे, दिवस शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रांतीचा, शनिवारचा आहे, आणि या दिवशी रोग्याला बरे करणे नियमाला धरून आहे काय, असे येशूला विचारले जाते. तो उलट विचारतो, की तुमच्यापैकी कोणाचे एकुलते एक मेंढरू शब्बाथाच्या दिवशी खड्ड्यात पडले तर तो ते वर काढणार नाही काय? मग माणूस तर मेंढरापेक्षा कितीतरी मोलाचा आहे. आपल्याकडील शास्त्रीमंडळी या युक्तिवादाला कैमुतिक न्याय म्हणतील. यहुदी परंपरेत हिल्लेल या गुरूच्या नावावर असलेल्या अर्थनिर्णयाच्या सात नियमांत तो पहिलाच आहे. नियमशास्त्राचा अर्थ लावण्याची रूढ पद्धतच येशू येथे वापरतो आहे.

परंतु मेंढरू वर काढू असेच उत्तर येणार, हे त्याने गृहीत धरले आहे. ते उत्तर त्या काळच्या सगळ्या यहूद्यांनी दिले असते काय? १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेक्टर यांनी कैरो येथील एका प्राचीन सभास्थानातून जुन्या हस्तलेखांचा मोठा साठा केंब्रिजला नेला. त्यातील एक संहिता, जिला पुढे दमास्कस ग्रंथ असे नाव पडले, १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. आणि १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये गुंडाळ्या सापडू लागल्या, तेव्हा त्याच ग्रंथाचे सुमारे हजार वर्षांनी जुने तुकडे हाती आले. या ग्रंथात स्पष्ट नियम आहे, की जनावर पाण्याच्या टाक्यात किंवा खड्ड्यात पडले तर शब्बाथाच्या दिवशी त्याला वर काढू नये. पुढील काळातील तालमुद या यहुदी धर्मचर्चांच्या संग्रहात एक मधला मार्गही नोंदवलेला आहे: खड्ड्याच्या तळाशी उशा आणि अंथरुणे टाकावीत, आणि त्यांवर पाय देऊन ते आपणहून वर आले तर येऊ द्यावे. म्हणजे मेंढरू वर काढणारे श्रोते हे त्या काळच्या मानाने सौम्य पक्षाचे लोक होते, आणि एवढ्या मुद्द्यापुरते येशू आणि परूशी एका बाजूला तर दमास्कस ग्रंथ मानणारे कुमरानचे कर्मठ दुसऱ्या बाजूला उभे दिसतात. जिवावर बेतले असेल तर शब्बाथ बाजूला ठेवावा, हे मिश्ना या धर्मसंहितेत नमूद आहे. हात वाळलेला माणूस मात्र सूर्यास्तापर्यंत थांबू शकला असता. वाद होता तो एवढ्याच अंतराचा.

हे अंतर क्षुल्लक वाटू नये म्हणून थोडे मागे जावे लागेल. इसवी सनपूर्व १६७ मध्ये सिरियाचा राजा चौथा अंतियोख याने यरुशलेमच्या मंदिरातील उपासना बंद पाडली आणि सुंता व शब्बाथपालन यांना मृत्युदंडाचा गुन्हा ठरवले. त्या वेळी अरण्यात आश्रय घेतलेल्या काही यहूदी कुटुंबांवर शब्बाथाच्या दिवशी हल्ला झाला. त्यांनी हत्यार उचलले नाही, गुहांची तोंडेही बंद केली नाहीत, आणि सुमारे एक हजार माणसे जिवानिशी गेली, असे पहिल्या मक्काबी ग्रंथात सांगितले आहे. त्यानंतर यहूदी बंडाचा पुढारी मत्तथिया आणि त्याच्या साथीदारांनी ठरवले, की यापुढे शब्बाथाच्या दिवशी हल्ला झाल्यास प्रतिकार करायचा. ज्या नियमासाठी पूर्वजांनी प्राण दिले होते, त्याला कोठे आणि किती वाकवायचे, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांना साहजिकच जिव्हाळ्याचा होता. मराठी माणसाला तर हे परके वाटण्याचे कारण नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल हे मराठी यहूदी शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. इतर यहुदी जगाशी त्यांचा संबंध दीर्घकाळ जवळजवळ तुटलेला होता, तरीही शब्बाथ, सुंता आणि शमा ही एकेश्वराची घोषणा त्यांनी टिकवून ठेवली होती. मार्काच्या बाराव्या अध्यायात सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे एक शास्त्री विचारतो, तेव्हा येशूचे उत्तर त्याच शमाने सुरू होते. रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो सभास्थानात ती आजही म्हटली जाते, ही गोष्ट त्या पेठेतून रोज जाणाऱ्या किती ख्रिस्ती लोकांच्या ध्यानात येते, कोण जाणे.

घटस्फोटाचा प्रश्नही असाच आहे. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात पत्नीमध्ये काही लाजिरवाणे आढळल्यास सूटपत्र देण्याचा उल्लेख आहे, आणि मिश्ना सांगते, की शम्माय या दुसऱ्या गुरूच्या संप्रदायाने त्याचा अर्थ लैंगिक दुराचारापुरता मर्यादित ठेवला, तर हिल्लेलच्या संप्रदायाने पत्नीने जेवण करपवले तरी ते कारण पुरेसे मानले. मिश्नेचे संकलन इसवी सन २०० च्या सुमाराचे आहे, त्यामुळे तिच्यातील प्रत्येक वाक्य येशूच्या काळात नेऊन बसवणे धोक्याचे आहे, आणि हा मोह उत्साही उपदेशकांना फार होतो. येथे मात्र मत्तयाचाच आधार मिळतो. मार्कात परूशी एवढेच विचारतात, की पुरुषाने पत्नी टाकणे योग्य आहे काय. मत्तय त्यात ‘कोणत्याही कारणावरून’ अशी भर घालतो, आणि मग प्रश्न थेट त्या दोन संप्रदायांच्या वादात जाऊन बसतो. येशू उत्पत्तीतील वचनाकडे वळतो: देवाने त्यांना नर व नारी असे निर्माण केले. हेच वचन दमास्कस ग्रंथातही दुसरी पत्नी करण्याविरुद्ध वापरलेले आहे. शब्बाथाच्या बाबतीत येशू कुमरानच्या विरुद्ध टोकाला होता, विवाहाच्या बाबतीत तो त्यांच्या बराच जवळ आहे. शिवाय मार्काच्या म्हणण्याप्रमाणे हा प्रश्न यार्देनेपलीकडच्या वाटेवर विचारला गेला, आणि तो प्रदेश रोमचा मांडलिक शासक हेरोद अंतिपा याच्या सत्तेखाली होता. भावाच्या पत्नीशी त्याने केलेल्या विवाहावर टीका केल्यामुळे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला तुरुंगात टाकले गेले, असे मार्क सांगतो. पहिल्या शतकातील यहूदी इतिहासकार जोसेफस योहानाच्या वधाचे कारण अंतिपाला वाटलेली बंडाची भीती असे देतो. कोणतेही खरे धरले, तरी त्या ठिकाणी घटस्फोटावर मत देणे ही केवळ शास्त्रचर्चा राहत नाही.

१८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढे विधवांच्या पुनर्विवाहावर शास्त्रार्थ झाला, त्यात विष्णुशास्त्री पंडितांचा पक्ष आणि त्यांचे विरोधक दोघेही धर्मशास्त्राचीच वचने पुढे करत होते. त्या वादाचे कागद पुढे कधी परक्या देशात कोणी वाचले आणि सुधारक मंडळी हिंदू धर्माबाहेर उभी राहून त्याच्यावर हल्ला करत होती असा निष्कर्ष काढला, तर आपण त्याला इतिहास शिकायला सांगू. शुभवर्तमाने वाचताना आपण नेमके तेच करत आलो आहोत.

मंदिरातील प्रसंगाचेही तसेच आहे. सराफांचे चौरंग उलथण्याची हकीकत आमच्याकडे धर्माच्या बाजारीकरणाचा निषेध म्हणून सांगितली जाते, आणि त्यात तथ्य आहेच. परंतु ते सराफ तेथे का बसले होते, हे क्वचितच कोणी सांगतो. प्रौढ यहूदी पुरुषाने दरवर्षी अर्धा शेकेल मंदिरासाठी द्यायचा असे आणि तो सोर नगरीच्या चांदीच्या नाण्यांत घेतला जाई, कारण त्या नाण्यातील चांदी खात्रीची होती. दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या यात्रेकरूला नाणी बदलून देणारा आणि बलीसाठी निर्दोष कबुतर विकणारा लागतच असे. तेव्हा येशूचा रोख उपासनेवर नसून ती चालवणाऱ्या वरिष्ठ याजकवर्गावर असावा, असे मला वाटते. ‘लुटारूंची गुहा’ हे शब्द त्याने यिर्मया संदेष्ट्याकडून घेतले आहेत, आणि यिर्मयानेही ते मंदिराच्या दारातच उच्चारले होते. याच्याशी ताडून पाहावा असा एक प्रसंग जोसेफसने नोंदवला आहे. यहूद्यांच्या रोमविरुद्धच्या युद्धाच्या काही वर्षे आधी, इसवी सन ६२ च्या सुमारास, हनन्याचा मुलगा येशू नावाचा एक साधा शेतकरी मंडपांच्या सणात मंदिरात येऊन यरुशलेमच्या नाशाची भविष्ये ओरडू लागला. यहूदी पुढाऱ्यांनी त्याला पकडून रोमी सुभेदार अल्बिनस याच्या हवाली केले. हाडे दिसेपर्यंत फटके मारूनही तो तेच म्हणत राहिला, तेव्हा सुभेदाराने वेडा ठरवून त्याला सोडून दिले. मंदिराविरुद्ध बोलणारा, पुढाऱ्यांनी रोमी अधिकाऱ्याच्या स्वाधीन केलेला, फटके खाल्लेला माणूस: नासरेथकर येशूच्या अटकेचा क्रम यामुळे एखाद्या अपवादात्मक कटासारखा न दिसता त्या काळच्या कारभाराच्या रीतीत बसतो.

त्याच मंदिरातील एक दगड १८७१ मध्ये क्लेरमाँ-गानो या फ्रेंच संशोधकाला यरुशलेमात मिळाला आणि तो आता इस्तंबूलला आहे. मंदिराभोवतीच्या कठड्याच्या आत कोणत्याही परकीयाने पाऊल टाकू नये, जो सापडेल तो आपल्या मरणाला स्वतः जबाबदार राहील, असे त्यावर ग्रीक भाषेत कोरलेले आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात ख्रिस्ती प्रचारक पौलावर जमाव तुटून पडतो, तो इफिसच्या त्रफिम या बिगरयहुदी माणसाला त्याने आत नेले अशा समजुतीमुळे. हा दगड पाहिल्यावर त्या जमावाचा आरोप किती गंभीर होता हे कळते. इफिसकरांस पत्रात ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असे म्हटले आहे, ते वाचताना मला हा कठडाच आठवतो, जरी लेखकाच्या मनात तोच होता हे सिद्ध करता येणार नाही.

मग परूश्याचे चित्र इतके काळे कसे झाले? मार्क आपल्या सातव्या अध्यायात हात धुण्याच्या चालीचा उल्लेख करून मध्येच थांबतो आणि परूशी व सर्व यहूदी असे असे करतात, असे वाचकाला समजावतो. अर्थात त्याचे वाचक घराबाहेरचे होते. मत्तय तोच प्रसंग सांगतो, पण ते स्पष्टीकरण गाळतो, कारण त्याच्या वाचकांना त्याची गरज नव्हती. तरीही शास्त्री आणि परूशी यांच्यावरचे अत्यंत कठोर शब्द मत्तयातच, तेविसाव्या अध्यायात आहेत, आणि त्याच अध्यायाच्या आरंभी ते मोशेच्या आसनावर बसले आहेत, ते सांगतील ते पाळा, असेही आहे. बहुतेक अभ्यासक मत्तयाचे लेखन इसवी सन ७० नंतरचे मानतात. त्या वर्षी रोमी सैन्याने मंदिर जाळले, बलिदाने थांबली, याजकवर्गाचा आधार गेला, त्या वर्गाशी जोडलेला सदूकी पंथ हळूहळू इतिहासातून नाहीसा झाला, आणि मंदिराशिवाय इस्राएलने कसे जगायचे याची दोन उत्तरे उरली: एक परूश्यांच्या वारसदारांचे, दुसरे येशूला मशीहा मानणाऱ्यांचे. एकाच वारशावर हक्क सांगणाऱ्या दोघांमध्ये भाषा जितकी कडवट होते, तितकी ती परक्याविरुद्ध क्वचित होते. पुढे मंडळीत बिगरयहुदी लोकांची संख्या वाढली, घर बदलले, आणि शब्द तेवढे राहिले. ‘त्याचे रक्त आम्हांवर व आमच्या मुलाबाळांवर असो’ हे मत्तयातील वाक्य युरोपात शतकानुशतके यहूद्यांच्या छळाला आधार म्हणून वापरले गेले, आणि येशूच्या मरणाचा दोष सरसकट सर्व यहूद्यांवर ठेवता येणार नाही असे रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे जाहीर करण्यास १९६५ साल उजाडले. आमच्या शुभ शुक्रवारच्या वाचनात ते वाक्य कोणत्याही टिप्पणीशिवाय वाचले जाते, याचे मला आता फार अवघड वाटते.

नव्या करारातच परूश्याचे दुसरे चित्रही आहे, फक्त आपण तिकडे वळत नाही. लूकाच्या शुभवर्तमानात येशू परूश्यांच्या घरी पुन्हा पुन्हा जेवायला बसतो, आणि हेरोद तुला मारू पाहतो, येथून निघून जा, असे त्याला सांगायला येतात तेही परूशीच. प्रेषितांना सोडून द्या असे न्यायसभेत सांगणारा गमलिएल परूशी आहे, यरुशलेमच्या मंडळीत विश्वास ठेवणारे परूशी आहेत, आणि पौल त्याच न्यायसभेपुढे मी परूशी आहे असे वर्तमानकाळात म्हणतो. नव्या कराराबाहेरचा एक पुरावा मला या सर्वांहून बोलका वाटतो. जोसेफस सांगतो, की इसवी सन ६२ मध्ये एक रोमी सुभेदार मरण पावला आणि दुसरा अजून वाटेत होता, त्या संधीचा फायदा घेऊन सदूकी पंथाच्या हनन या महायाजकाने न्यायसभा बोलावली आणि येशूचा भाऊ याकोब याला इतर काही जणांसह दगडमार करवून ठार केले. त्यावर नगरातील समंजस आणि नियमशास्त्राच्या बाबतीत काटेकोर समजल्या जाणाऱ्या लोकांनी हरकत घेतली, राजा अग्रिप्पाकडे गुप्तपणे तक्रार केली, काही जण नव्या सुभेदाराला वाटेतच जाऊन भेटले, आणि तीन महिन्यांतच हननाला पदावरून दूर व्हावे लागले. हे काटेकोर लोक कोण, ते जोसेफस नाव घेऊन सांगत नाही. परंतु इतरत्र तो नियमशास्त्रातील काटेकोरपणासाठी ज्यांची ख्याती सांगतो, ते परूशी आहेत.