बॅच सातचा फेस का बसला

मंडळी, घरी केलेल्या दाढीच्या साबणाच्या बॅच सातचा दोष सापडला. पाण्यात नव्हता, मुठेलात (कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलात) नव्हता, वाळ्याच्या अत्तरात तर नव्हताच. तो होता कॉस्टिक पोटॅशच्या, म्हणजे तेलाचा साबण करणाऱ्या अल्कलीच्या पिशवीत, आणि ती पिशवी मे महिन्यापासून माझ्याच फळीवर रबरबँड लावून पडली होती.

सहा आणि सात या दोन्ही बॅचचं सूत्र एकच होतं. स्टिअरिक आम्ल 250 ग्रॅम, मुठेल 125, खोबरेल 75, एरंडेल 50. अल्कलीत सत्तर टक्के वाटा पोटॅशचा, तीस टक्के कॉस्टिक सोड्याचा. सुपरफॅट, म्हणजे साबण न होता मोकळं राहू दिलेलं तेल, 3 टक्के. सहा नंबर मेमध्ये केली. मागच्या वेळी लिहिलं होतं तसं, माझ्या आजवरच्या साबणांत तीच सगळ्यात वरची. सात नंबर जुलैच्या मध्यावर, धो धो पावसात. चार आठवडे मुरवली, ब्रश फिरवला आणि पोटात गोळा आला. फेस भराभर आला, फुगला, आणि दुसऱ्या पासाला, म्हणजे दुसऱ्यांदा रेझर फिरवताना, गालावर दुधाळ पाणी तेवढं उरलं. बाजारपेठेतल्या सलूनवाल्या काकांना एक वडी दिली होती. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, “फेस येता रे, पण ऱ्हवणा नाय.”

मग एका सकाळी तीन वाट्या मांडल्या. बॅच सहा, बॅच सात आणि अर्को या बाजारच्या दाढीच्या साबणाची कांडी. एकच सिंथेटिक ब्रश धुऊन धुऊन वापरला, प्रत्येक वाटीला तीस फेरे, पाणी चमच्यानं मोजून. दहा मिनिटांनी सहाचं शिखर उभं, अर्कोचंही उभं. सात तिसऱ्या मिनिटालाच बसली होती. बोटावर घेतली तर गुळगुळीतपणा होता, पण तो साबणाचा नव्हे, तेलाचा. ती खूण मी तेव्हाच ओळखायला हवी होती.

पहिला संशय पाण्यावर गेला. उन्हाळ्यात आमच्या खालच्या विहिरीला मचूळ चव येते आणि त्या पाण्यात कुठल्याही साबणाचा फेस मरतो, हे तुमच्यापैकी किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. कॅल्शियम-मॅग्नेशियम स्टिअरेटला धरून त्याची चिकट साय करतात. पण हा होता ऑगस्ट. जांभ्यातून झिरपलेलं नवं पाणी वर्षातलं सगळ्यात मऊ. तरी डिस्टिल्ड पाण्यात करून पाहिलं. फरक शून्य.

दुसरा संशय मुठेलावर, आणि ते करणाऱ्या माउलीवर मी उगाच आळ घेतला याचं वाईट वाटतं. ती बिया वाळवून, फोडून, कुटून, पाण्यात उकळते, वर आलेलं तेल काढून मुठीनं गोळे वळते. गेल्या वर्षीपासून मी तिच्याकडूनच घेतो. यंदाचे गोळे जरा करडे दिसले म्हणून वाटलं, जुन्या बिया असतील. शहरातून शुद्ध केलेलं, वास काढलेलं कोकम बटर मागवून छोटी बॅच केली, पोटॅश त्याच पिशवीतलं. ती आणखी वाईट! मुठेल निर्दोष सुटलं. आणि माझं मत आता पक्कं आहे: दुप्पट पैसे मोजून ते पांढरंशुभ्र बटर आणण्यात आपल्या कामासाठी काही अर्थ नाही. साबणाला रंग-वासाशी देणंघेणं नसतं, त्याला स्टिअरिक हवं, आणि ते गोळ्यातही निम्म्याहून जास्त असतं.

इथे थोडं विषयांतर. नुसतं मुठेल वाढवून चरबीच्या साबणाची बरोबरी का होत नाही, असं एकानं विचारलं होतं. चरबीत स्टिअरिकच्या जोडीला भरपूर पामिटिक असतं. मुठेलात ते फारच थोडं. बाजारात मिळणाऱ्या स्टिअरिक आम्लात मात्र जवळजवळ अर्धं पामिटिकच असतं. म्हणून दोन्ही मिळून जो दाट, बारीक बुडबुड्यांचा फेस देतात तो एकट्यानं येत नाही. शिवाय स्टिअरिक आम्लातून ग्लिसरीन सुटत नाही, मुठेलातून सुटतं, आणि दाढीनंतर गाल ओढला जात नाही तो त्यामुळे. खोबरेल 15 टक्क्यांच्या वर नेऊ नका. पहिल्या फेऱ्याला दिपवतं, नंतर कातडी कोरडी करतं.

तर पोटॅश. वहीची पानं मागे उलटताना बॅच सातखाली माझीच एक ओळ दिसली: “लाय ओतल्यावर पातेल्यात फसफसलं, वर आलं.” (लाय म्हणजे पाण्यात विरघळवलेली अल्कली.) तेव्हा वाटलं होतं, हँड ब्लेंडरनं हवा गेली असेल. पण गरम स्टिअरिक आम्लात कार्बोनेट पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि पोटॅश हवा खाऊन कार्बोनेटच होतं. आमच्या पावसाळ्यात मीठ ओलं होतं, पापड मऊ पडतात. मग पोटॅशच्या पापुद्र्यांनी पाणी ओढलं नसतं तरच नवल.

मोजायचं कसं? माझा काटा दशांश ग्रॅमचा, म्हणून एक ग्रॅम तोलण्यात अर्थ नव्हता. जुनं 10 ग्रॅम पोटॅश पाण्यात विरघळवून बरोबर 100 मिली केलं. नवीन सीलबंद पाकिटातल्याचं तसंच. लिंबूसत्त्वाचं एकच द्रावण, 6 ग्रॅमला 100 मिली. प्रत्येकी 10 मिली द्रावणात अल्कलीत गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब, आणि सिरिंजनं लिंबूसत्त्व सोडत गुलाबी रंग जाईपर्यंत मोजायचं. नव्याला 18 मिली लागलं, जुन्याला 15.2. तीनदा केलं, तिन्हीदा तेच. आम्लाची नेमकी ताकद माहीत असायची गरजच नाही, गुणोत्तर पुरतं. नवं 90 टक्क्यांचं धरलं तर जुनं 76. वर जास्तीचं आम्ल ओतलं तेव्हा जुनं बुडबुडलं, नवं शांत राहिलं. त्या वेळी मी एकटाच स्वयंपाकघरात टाळी वाजवली.

आता हिशेब. मी 78.5 ग्रॅम पोटॅश 90 टक्क्यांचं समजून घातलं होतं, म्हणजे शुद्ध 70.6. प्रत्यक्षात गेलं 59.6. अकरा ग्रॅमची तूट. सुपरफॅट 3 ऐवजी साडेतेराच्या आसपास! एवढं मोकळं तेल असलं की फेस कसा टिकणार? कार्बोनेटनं थोडं स्टिअरिक खाल्लं असेल, पण खोबरेल-मुठेलाला ते पुरं पडत नाही.

पोटॅश पाठवणाऱ्या दुकानाचं नाव घेत नाही, पण पातळ पिशवीत, वर साधी गाठ मारून हा माल कोकणात पाठवणं बरोबर नाही. डब्यात, सील करून देणाऱ्याकडूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

बॅच वाचवायचं ठरवलं. बॅच सातच्या एकूण सहा वड्यांपैकी पाच उरल्या होत्या. हिशेबानं नवं पोटॅश 10.2 ग्रॅम लागत होतं. कार्बोनेटचा वाटा लक्षात घेऊन मी आठच घातलं. वड्या किसल्या, पाण्याच्या पातेल्यात स्टीलचं दुसरं पातेलं ठेवून वितळवल्या, हातमोजे-चष्मा घालून लाय थेंबाथेंबानं सोडली आणि मंद आचेवर पाऊण तास ढवळलं. आधी फाटल्यासारखं दिसलं, धीर सुटायची वेळ आली, मग एकदम व्हॅसलिनसारखं पारदर्शक झालं. फिनॉल्फथॅलीनला रंग नाही. सुपरफॅट पाचच्या आसपास बसलं असावं.

काल सकाळी पर्ल रेझर, नवं सेव्हन ओ’क्लॉक ब्लेड आणि ही वडी. तीन पास झाले, वाटीतला फेस तसाच. ब्रश उलटा धरला तरी गळला नाही. हनुवटीखाली उलट्या दिशेनंही कुठे खरचटलं नाही. अजून मुरलीही नाही आणि ही तऱ्हा!

बॅच आठमध्ये एरंडेल 8 टक्क्यांवर आणून बेंटोनाइट माती घालायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की ते थांबवावं. आधी पोटॅशचाच बंदोबस्त. पाकीट फोडल्याच दिवशी सगळंच्या सगळं वजनाइतक्याच डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून, जाड एचडीपीई प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवलं तर? अर्ध्या ताकदीची तयार लाय. दर वेळी दुप्पट वजन घ्यायचं, आणि पापुद्रे ओले व्हायचा प्रश्नच नाही. पाणी आधी, पोटॅश नंतर, थोडं थोडं. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियम अजिबात नको. महिन्यानं त्याच कॅनमधलं 20 ग्रॅम, म्हणजे पोटॅश 10 ग्रॅम, 100 मिली करून त्यातलं 10 मिली परत सिरिंजखाली घेईन. आकडा 18 च्या खाली उतरला तर इथे लिहितो. कुणी पावसाळाभर अशी लाय साठवली असेल तर आपले आकडे टाका.

चतुर्थीला मुंबईहून भाऊ येतोय, त्याला दोन वड्या कबूल केल्यात. एक काकांच्या सलूनमध्ये आजच पोचवली. उरलेल्या दोन मी कपाटात वर ठेवल्यात, आणि जुन्या पिशवीतलं पोटॅश आता फक्त लादी धुवायच्या पातळ साबणाला.